शेवटची पानं भट्टीत गेली

खरं सांगा, रहस्यकथा हातात आली की तुम्ही शेवटचं पान आधी चोरून बघता की नाही? बघता. आणि मग साळसूदपणे पहिल्या पानापासून सुरुवात करता. तेर गावच्या सारजाबाईनं शेवटची पानं बघितली नाहीत. जाळली.

त्याचं असं झालं. बिभीषणच्या खव्याच्या भट्टीवर सकाळचा पहिला जाळ सारजाबाई करते. लाकडं धुमसत बसतात, म्हणून बिभीषण कळंबहून रद्दीचं पोतं आणून टाकतो. त्या दिवशी पोत्यातून कव्हर नसलेलं जुनं पुस्तक निघालं. बाईला अक्षरओळख नाही. तिनं पुस्तक पालथं धरलं, मागची मूठभर पानं ओढली आणि काडी लावली. दुसरी मूठ ओढणार तोच दुधाच्या कॅना घेऊन महारुद्र आला. एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर होऊन म्हशी राखतो.

“आक्का, थांब! रहस्यकथा हाय ती!”

“मंग? जळत न्हाय व्हय ती?”

महारुद्रनं पुस्तक हिसकावून घेतलं आणि दूध आटेपर्यंत तिथंच मोठ्यानं वाचत बसला. भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज तो. भट्टीवरच्या माणसाला कढई सोडून उठता येत नाही. हात उलथण्यावर, कान मोकळे. सभा घेणाऱ्यांनी येऊन बघावं, ऐकणं कशाला म्हणतात ते. तेव्हापासून रोज सकाळी वाचन ठरलेलं.

पुस्तकात एका बंगल्यात मालकिणीचा खून झालेला. गळ्यातला हार गायब. संशय मोलकरणीवर, पारूवर. का, तर ती गरीब आणि त्या वेळी बंगल्यात होती. तेवढं पुरतं. पुस्तकातही आणि बाहेरही.

पारूचं नाव आलं की सारजाबाईचं उलथणं थांबायचं. बिभीषण ओरडायचा, “ओ मावशी, बुडाला लागंल की! पारूला पगार म्या देतोय का?”

तिचा हात का थांबतो, हे गावाला ठाऊक होतं. कैक वर्षांपूर्वी एका लग्नघरी ती पुऱ्या लाटायला गेली होती. नवरीची बोरमाळ हरवली. घर पाहुण्यांनी भरलेलं, पण पिशवी झटकली ती हिची. पदर झाडायला लावला तो हिला, चारचौघींत. काही निघालं नाही. माळ पुढं सापडली का, कुणी घेतली, कुणी सांगितलं नाही. घरधनी म्हणाला, “जाऊ द्या, मिटलं.” त्याचं मिटलं हो. हिचं कसं मिटावं? ‘सारजा चोर नाही’ हे शब्द आजवर एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. तेव्हापासून ती कुणाच्या लग्नघराची पायरी चढली नाही.

आणि लोक विचारतात, त्या खून-चोरीच्या गोष्टींत असतं काय, नुसता वेळ जातो! ज्यांच्यावर कधी आळ आला नाही, त्यांचा जात असेल. सारजाबाईला त्या गोष्टीत असा एक शोध घेणारा माणूस भेटला होता, जो पारूला ‘बसा’ म्हणाला आणि ज्यानं विचारलं, ‘तुम्ही काय पाहिलंत?’ हिला तर कुणी खाली टेकूसुद्धा दिलं नव्हतं.

एका सकाळी महारुद्रचा आवाज चढला. “‘खुनी याच दिवाणखान्यात आहे,’ तो शांतपणे म्हणाला आणि त्यानं बोट उचललं...” महारुद्रनं पान उलटलं. मागं नुसता शिवणीचा दोरा लोंबत होता.

“कुणाकडं केलं बोट?” सारजाबाईनं विचारलं.

“फुडची पानं न्हाईत, आक्का. ती तू... पहिल्या दिवशी...”

ती भट्टीच्या तोंडाकडं बघत राहिली.

मग तिला चैन म्हणून पडेना. भाकरी थापताना तेच, नदीकडं जाताना तेच. “पारूचं काय झालं असंल ओ?” बिभीषण वैतागला, “मावशी, छापलेली बाई हाय ती, तिला काय हुतंय!” ती त्याच्यावर अशी उखडली की त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

तिची तगमग बघवेना म्हणून महारुद्र एक दिवस घडी घातलेले कागद घेऊन आला. रद्दीवाल्याकडं त्याच पुस्तकाची दुसरी प्रत निघाली, तिची शेवटची पानं आणली म्हणाला. वाचलीही झोकात. खून मालकिणीच्या भाच्यानं केलेला, पारू निर्दोष, मालकानं तिची माफी मागून साडीचोळी केली. बिभीषणनं टाळी वाजवली.

सारजाबाई उलथणं खाली न ठेवता म्हणाली, “महारुद्रभाऊ, त्यो हुशार माणूस आजवर एकदाबी ‘च्यायला’ म्हणला न्हाय. आज कितींदा म्हणला? आन् खुन्याला ‘चला, फुडं सरका’ कोण म्हणतं ओ?”

महारुद्र ओशाळला. “तुला बरं वाटावं म्हणून लिवलं, आक्का.”

“मला कीव नगं. छडा पायजे.”

“आन् पारूच निघाली म्हंजे?”

ती कढईच्या कडा खरवडत राहिली. मग म्हणाली, “निघू द्या. पण बघून सांगा कुणीतरी.”

दुसऱ्या दिवशी ती बस धरून धाराशिवला गेली, एका वाचनालयात. टेबलामागच्या गृहस्थानं विचारलं, “पुस्तकाचं नाव?”

“न्हाय.”

“लेखक?”

“त्योबी न्हाय. पारू हाय त्यात. मोलकरीण.”

तो हसला. “बाई, असली पुस्तकं आम्ही केव्हाच रद्दीत काढली. आता फक्त अभिजात वाङ्मय ठेवतो. जुनं, टिकलेलं.”

“त्यात कुणावर आळ येतो का?”

गृहस्थानं कपाटाकडं बघितलं. हसू जरा कमी झालं. “येतो. बहुतेक सगळ्यांत येतो.”

“मंग तीबी ऐकू. पण आधी पारूचं निकाली लागू द्या.” एवढं बोलून ती जी पायऱ्या उतरली ती थेट रद्दीची दुकानं पालथी घालायला. अजून घालतेच आहे. परवा येडशीला होती.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत, सासऱ्यांच्या कपाटात असलं एखादं जुनं पुस्तक असेल, बंगला, हार आणि पारू असलेलं, तर फोनवरून शेवट सांगून मोकळे होऊ नका. पुस्तक घेऊन तेरला या. भट्टीपाशी बसा आणि सारजाबाईला मोठ्यानं वाचून दाखवा. आणि हार पारूनंच घेतलेला असेल, तरी एक अक्षर बदलू नका.