तिघांबरोबर एक खडा

गेल्या रविवारी आमच्या करी रोडच्या घरी आफ्रिकेच्या सहलीची शेवटची बैठक झाली. चिरंजीव प्रदीप, सूनबाई मेधा आणि नात सई बोट्स्वानाच्या जंगलात सफारीसाठी निघणार होते.

आरंभी आम्ही चौघे जाणार होतो. मी दादरहून कॅनव्हासचे बूट आणले होते आणि ते घालून रोज सकाळी गच्चीवर चालत होतो… परंतु लॉजवर पोहोचायचे ते चिमुकल्या विमानाने, आणि हॉस्पिटल त्याहूनही दूर. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. घरी येऊन मी म्हणालो, "मला तरी कोठे हौस होती!"

बैठक मात्र माझ्यासमोरच चालली. तंबूत बाथटब असतो हे ऐकून मी म्हणालो, "तंबूत न्हाणीघर आणि अंगणात हत्ती! त्यापेक्षा आमची चाळ बरी. नळावर निदान माणसे तरी भांडत."

"आजोबा, हत्ती पाण्यावर लाइनीत येतात हो. तुमच्या चाळीपेक्षा डिसेंट आहेत ते," सई म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

मग प्रदीप सहज म्हणाला, "म्हणजे आता आपण तिघेच." तो आकडा मनात रुतून बसला…

आमच्या आईची कोकणातून आलेली एक शिस्त होती. तिघांनी मिळून कामाला किंवा प्रवासाला निघायचे नाही. निघावेच लागले, तर बरोबर एक खडा घ्यायचा, म्हणजे चौघे होतात.

मी उठलो. देव्हाऱ्यातला काळा, गुळगुळीत खडा उचलला आणि सईच्या उघड्या बॅगेत ठेवला.

मेधा घाबरलीच. "अहो बाबा, देव कुठे पाठवताय? तिकडे सोवळं-ओवळं काही नाही, रोज मटणबिटण…"

लग्न होऊन आल्यापासून ती त्या खड्यावर रोज फूल वाहत आली आहे. माझी पत्नीही वाहत असे. आमच्या कुळाचे काही दैवत असावे, असा दोघींचा समज… तो मी कधी दूर केला नव्हता. त्या दिवशी केला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी चौथीत होतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, लालबागला गिरणीत कामाला होता. येत्या सुट्टीला राणीच्या बागेत नेऊन सिंह दाखवीन, असे त्याने मला कबूल केले होते.

एके सकाळी तो दोन सोबत्यांबरोबर मोर्चाला निघाला. तिघे झाले म्हणून आईने दारातच त्याच्या हातावर खडा ठेवला. त्याने तो हसत उंबरठ्यावर ठेवून दिला. "गे आये, मी काय रानात चल्लंय?"

सोबती दोघे परत आले. दादाला गोळी लागली होती…

आईने तो खडा उंबरठ्यावरून उचलून देव्हाऱ्यात ठेवला. त्याविषयी पुढे कधी शब्द काढला नाही. माझी शाळा चौथीवरच थांबली. राणीच्या बागेतही मी आजवर पाऊल टाकलेले नाही. मुलाला त्याची आई नेत असे.

हे सांगून झाल्यावर प्रदीप सईच्या बॅगेकडे वळला. त्या छोट्या विमानात सामानाच्या वजनाचा फार काच असतो, म्हणून प्रदीप सकाळपासून एकेक वस्तू बाहेर काढत होता. त्याने खडा हातात घेतला, पाहिला आणि सईच्या हाती दिला.

"बॅगेत नको," सई म्हणाली. "खिशात ठेवते. सिंह दिसला ना आजोबा, की बाहेर काढून दाखवीन याला. आणि परत आणीन. प्रॉमिस."

काल ते निघाले. आज सकाळी पूजेला मीच बसलो. मेधा रोज घेते तेवढीच फुले घेतली होती… शेवटी एक हातात उरले.

या खेपेस आमच्या घरातली माणसे खरोखरच रानात गेली आहेत. चौघेही परत यावेत, एवढेच माझे मागणे आहे.