ताटावरचा हात

माझ्या सासूबाईंना जेवताना ‘पुरे’ हा शब्द ऐकू येत नाही. पोळी नको असेल तर ताटावर आडवा हात धरावा लागतो, आणि तो जरा उशिरा आला तर पोळी बोटांवर पडते. या आग्रहावर मी लग्नापासून चिडत आले आहे.

चिडणं हा माझा स्वभावच. त्यातून नोकरी पोलिसात, गुन्ह्यांच्या तपासाची. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले, मी इथेच शिकले आणि बंगालीतून परीक्षा देऊन खात्यात शिरले. नवरा सांगलीकडचा, न्यू टाउनमधल्या एका कंपनीत. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे डमडमला आल्या. शेजारी सगळे बंगाली. दिवसभर मराठी बोलायला त्यांना देवच काय तो होता.

त्या वर्षी मी एका भामट्याच्या मागावर होते. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायका तो हेरायचा. आधी पितळी भांडं फुकटात लखलखीत करून द्यायचा. मग सोन्याच्या बांगड्या हळदीच्या पाण्यात टाकून पातेलं गॅसवर चढवायचा आणि ‘गार झाल्याशिवाय झाकण काढू नका’ असं सांगून निघून जायचा. झाकण काढल्यावर आत फक्त हळद. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, त्यामुळे त्याचा चेहरा एकीनेही पाहिलेला नव्हता. तो माझ्या हाती लागावा म्हणून मी जिवाचं रान करत होते.

एका संध्याकाळी घरी आले तर सासूबाई देवापुढे बसलेल्या. हात रिकामे. ओट्यावर हळदीचं पातेलं. मला काही विचारावंच लागलं नाही.

“अगं, मराठी बोलत होता,” त्या म्हणाल्या. “मिरजेचा म्हणाला. इतक्या लांब कुणी आपलं माणूस भेटतं का?”

मराठी बोलतो म्हणजे आपला! परमुलखातल्या आम्हा मराठी लोकांची ही जुनीच खोड. मी ओरडले, खूप ओरडले. कधी नव्हे ते त्या उलट बोलल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, “पान वाढून जेवायला घातलं गं त्याला.”

माझा आवाज एकदम खाली आला. “जेवताना मास्क होता?”

“मास्क लावून कोणी जेवतं का?”

म्हणजे त्याचा चेहरा पाहिलेली एकमेव साक्षीदार माझ्याच स्वयंपाकघरात सापडली होती.

नवरा म्हणाला, “कुठे बोलू नकोस. पोलिसाच्या घरातच चोरी, लोक हसतील. आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” सासूबाई म्हणाल्या, “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” आणि खरं सांगायचं तर गप्प बसणं माझ्याही सोयीचं होतं. घरातलीच फिर्यादी म्हटल्यावर तपास माझ्या हातून काढला जाणार, हे मला ठाऊक होतं. तोंड मिटलं की घर शाबूत आणि केसही माझी. फक्त पकडल्यावर त्याला ओळखणारं कुणी नसणार.

सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. दुपारपर्यंत केस माझ्या सहकाऱ्याकडे गेली. सासूबाईंनी जबाब दिला, पण “सुनेनं चव्हाट्यावर आणलं” हे त्या बंगाली महिला हवालदारालासुद्धा मराठीत ऐकवून आल्या.

पुढे हावड्याकडे तो पकडला गेला. ओळख परेड ठरली.

“फोटो तरी दाखव,” सासूबाई म्हणाल्या. “चुकले तर?”

“नाही दाखवता येणार.”

“घरात पोलीस असून उपयोग काय मग?”

त्या दिवसापासून त्यांनी वाढणं सोडलं. पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हवी तर घे.” आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही. मला वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. चष्म्याचा नंबर वाढलेली बाई, गोंधळली तर? चोर सुटणार, आणि त्याचं खापर त्या जन्मभर स्वतःवर फोडणार. एक फोटो दाखवला असता तर आम्ही दोघीही शांत झोपलो असतो. नाही दाखवला.

परेड तुरुंगात, मॅजिस्ट्रेटसमोर. पोलिसांना आत मज्जाव. मी फाटकाबाहेर उभी राहून घामाघूम झाले.

सासूबाई बाहेर आल्या त्या पदर खोचून, लढाई जिंकल्यासारख्या.

“सगळे एका उंचीचे, एकसारखे दाढीवाले. पण मी पाहताक्षणी ओळखला. बोट दाखवलं, साहेबांनी लिहून घेतलं. तरी जीव राहीना. म्हटलं, साहेब, एक वाक्य बोलू का? ते बरं म्हणाले. मग अख्ख्या रांगेकडे बघून म्हटलं, ‘अजून एक पोळी वाढू?’”

“मग?”

“बाकीचे बघत राहिले माझ्या तोंडाकडे. आणि याचा हात गेला की पुढे, असा!” त्यांनी हवेतल्या ताटावर आडवा हात धरला. “माझ्या घरचं मीठ खाल्लंय मेल्यानं. जाईल कुठे?”

मी रस्त्यातच त्यांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, “सोड, लोक बघतायत.” पण सुटायची घाई त्यांनाही नव्हती.

खटल्यात त्याच्या वकिलाने अपेक्षित तीर सोडलाच. सून पोलिसात आहे, घरी फोटो दाखवला असेल. सासूबाई पिंजऱ्यात ताठ उभ्या राहिल्या.

“फोटो?” त्या आपल्या खास हिंदीत कडाडल्या. “अहो, उसी पे तो हमारा भांडण हुआ! आज तक इसको पोळी वाढना बंद है!”

न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. त्याला शिक्षा झाली. बांगड्या मिळाल्या नाहीत, पण साक्ष दिल्याबद्दल इतर बायका सासूबाईंच्या पाया पडल्या, तेव्हा त्या रिकाम्या हातांनीच त्यांनी आशीर्वाद दिले. माझी छाती अभिमानाने फुगली होती. केस माझ्या नावावर नव्हती, तरी.

निकालाच्या दिवशी आम्ही उशिरा जेवायला बसलो. डबा टेबलावर नव्हता. सासूबाई तो हातात घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“घे अजून एक.”

माझं पोट तुडुंब भरलं होतं. सवयीने हात ताटावर गेला. मी तो मागे घेतला.