भिवाचा मंगळवार

भिवाचा हात वाईट, हे चाकणच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, हात वाईट. डोक्यात विचार यायच्या आधी तो हात समोरच्याच्या कानशिलावर पोचलेला असायचा. कांद्याच्या बाजारात गोण्या उचलायला होता तेव्हा एका ट्रकवाल्याला त्याने त्याच्याच ट्रकच्या दारात चेपला. पुढे चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर लागला. तिथल्या सुपरवायझरने आईवरून शिवी हासडली, तर त्याचे पुढचे दात जमिनीवर पडले. अशा माणसाला लोक भाऊ-राव करतात, चहा पाजतात आणि पाठ वळली की थुंकतात. भिवाला त्यातला फक्त चहा दिसायचा.

मग बाळूचं झालं. बाळू त्याचा पाठचा सख्खा भाऊ. जमीन बहुतेक कंपनीत गेलेली, उरलेल्या तुकड्याच्या बांधावरून घरापुढच्या अंगणात दोघांची जुंपली. भिवा मोटारसायकल खोलून बसला होता, हातात पाना होता. एकच घाव बसला आणि बाळूचा डावा डोळा गेला. दवाखान्यात बाळूने सांगितलं, पाय घसरून पडलो. मग बायकापोरं घेऊन राजगुरुनगरला गेला, तो पुन्हा त्या अंगणात आला नाही. पोलिसांत गेला असता तर भिवाला जरा बरं तरी वाटलं असतं. भावाने वाचवला, आणि ते वाचवणंच त्याला आतून खाऊ लागलं.

त्यांच्या जुन्या शेताच्या कडेला म्हसोबा होता. देऊळबिऊळ नाही, लिंबाखाली शेंदूर फासलेला एक धोंडा. शेत गेलं, तिथे कंपनीची भिंत आली, पण भिंत धोंड्याला वळसा घालून गेली, कारण बांधणारा ठेकेदारही म्हसोबाला टरकून होता. गाव वर्षातून एकदा तिथे बोकड कापायला जमायचा. एरवी ट्रकचे ड्रायव्हर सावलीला बसायचे आणि गुटखा थुंकायचे. भिवा एकटाच तिथे गेला, धोंड्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, मंगळवार तुला दिला. त्या दिवशी हात उचलणार नाही आणि लोखंडाला शिवणार नाही.

गावातलं देवाचं बघणारे तात्याबा हे ऐकून हसायलाच लागले. "अरं खुळ्या, म्हसोबाला बोकड लागतो. रगात लागतं. वार कसला देतोस?"

"रगात लय पाजलं, तात्याबा," भिवा म्हणाला. "घरातलं बी पाजलं. आता येक दिस उपास घडू द्या त्याला."

बोलायला काय जातंय! या भागात लोखंडाला न शिवता दिवस काढायचा म्हणजे पाण्यात उभं राहून कोरडं राहायचं. आता तो कामाला होता त्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, ती त्याने साहेबाच्या हातापाया पडून मंगळवारी घेतली. त्या दिवशी मोटारसायकल बंद, चालत जायचं. घराची कडी त्याची बायको पुनम काढून द्यायची, तेव्हा हा बाहेर पडायचा. जेवण पत्रावळीवर. दिवसभर लिंबाखाली बसायचा, धोंडा धुवायचा, तेल-शेंदूर लावायचा, आणि बाकी नुसता बसून राहायचा. हात मांडीवर उलटे ठेवून, नजर त्यांच्यावर. आपल्याच हातांची राखण करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

पुनमला हे खूळ पसंत नव्हतं. "म्हसोबाला बायकू न्हाई म्हनत्यात," ती म्हणायची, "तुमाला हाय. जरा घरात बी बसत जावा." पण दुपारी भाकरी फडक्यात बांधून तीच घेऊन यायची.

असा काही काळ गेला. मग त्या जागेवर संघर्षची नजर पडली. संघर्ष म्हणजे एका भंगारवाल्या ठेकेदाराचा माणूस, गळ्यात जाड साखळी, मागे कायम दोन पोरगे. रस्त्याला लागून, भिंतीच्या आडोशाला, भंगाराची शेड टाकायला याहून चांगली जागा कुठली? आधी तो एका शनिवारी आला आणि धोंड्याला पाय लावून म्हणाला, हे हलवावं लागेल. कामावरून सुटून तिथे आलेल्या भिवाने त्याला गचांडी धरून पलीकडच्या गटारात फेकला. संघर्ष घाणीतून उठला, हसला आणि गेला. पानटपरीवर चौकशी करायची अक्कल त्याला होती. तिथे त्याला कुणीतरी सांगितलं, मंगळवारी जा.

मंगळवारी भरदुपारी तो पहार घेऊन आला. भिवाची पूजा नुकतीच झाली होती. पोरांपैकी एकाने पहारेचं टोक धोंड्याखाली घातलं, तसा भिवा उठला आणि धोंड्यावर आडवा झाला.

"काय भिवाभाऊ," संघर्ष म्हणाला, "आज हात न्हाई उचलायचा म्हणे?"

पहिली चापट त्याने नुसती चाचपून पाहायला मारली. भिवा हलला नाही. मग तिघांनाही हुरूप आला. लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. ओठ फाटला, शेंदरात रक्त मिसळलं. एकाने त्याचे केस धरून डोकं लिंबाच्या खोडावर आपटलं. भिवाने दोन्ही हात धोंड्याभोवती आवळले होते, बोटांत बोटं घट्ट अडकवून. आवळले होते ते धोंडा वाचवायला कमी आणि हात अडवायला जास्त. एक मोकळा सुटला असता तर तिथे कुणाचा तरी मुडदा पडला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. संघर्षने त्याच्या बोटांवर टाच रोवली. करंगळी मोडल्याचा आवाज भिवाने स्वतः ऐकला. तो म्हसोबाला शिव्या देत होता, अगदी आईवरून, पण हात सोडत नव्हता.

पुनम भाकरी घेऊन आली ती या वेळेला. ओरडली नाही, कुणाला हाका मारल्या नाहीत. फडकं खाली ठेवलं आणि बाजूला पडलेली पहार उचलली. पहिला तडाखा संघर्षच्या गुडघ्यावर बसला. वाटी फुटली आणि तो हंबरडा फोडून आडवा झाला. एक पोरगा अंगावर आला, त्याच्या मनगटावर दुसरा बसला. मग दोघेही गाडीकडे पळाले, आपल्या भाऊला तिथेच टाकून. काय ती दोस्ती!

संघर्ष पाठीवर सरकत होता. "काकू, न्हाई... काकू, पाया पडतो." पुनमने त्याच्या दंडावर घाव घातला. हाड मोडलं. मग तिने पहार डोक्यावर नेली आणि या वेळी तिची नजर त्याच्या कपाळावर होती.

भिवाने मान वर केली आणि बायकोचा चेहरा पाहिला. आयुष्यात मारामाऱ्या पुष्कळ केल्या त्याने, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. पाहणार कसा? आजवर तो त्याच्याच खांद्यांवर होता. भिवा घाबरला, लहान पोरासारखा घाबरला. धोंडा सोडून तो धडपडत उठला आणि खाली येणारी पहार त्याने मोडक्या हाताने वरच धरली.

"सोडा!" पुनम किंचाळली. "वार तुमचा हाय, माझा न्हाई. आन लोखंड हाय त्ये!"

"मोडला मी वार," भिवा म्हणाला. "तू सोड."

ती ओढत राहिली. त्याच्या बोटांतून कळा मस्तकात जात होत्या, तरी त्याने धरून ठेवली. खाली संघर्ष कोपरावर रांगत रस्त्यापर्यंत गेला. तिथे एका टेम्पोवाल्याने त्याला मागे टाकला आणि नेला. तेव्हा कुठे पुनमच्या हातातली ताकद गेली आणि पहार भिवाकडे आली. त्याने ती भिंतीकडे भिरकावली.

दोघं लिंबाखाली बसली. भिवा धोंड्याकडे बघत होता, मंगळवार गेला म्हणून त्याला वाईट वाटत होतं आणि वाटत नव्हतंही.

"बाळूच्या वक्ताला," तो म्हणाला, "कुनीतरी माझा हात असा धराया पायजे व्हता."

पुनमने पदराने त्याच्या ओठाचं रक्त पुसलं.

"मी दारातच व्हते," ती म्हणाली. "पाना वर गेला तवाच मला दिसला. मी धरायला निगाले बी व्हते. पर तुमी माझ्याकडं बगितलं, आन मी घरात गेले."