चैत्रगौरीच्या दिवशी दिसलेला चेहरा

डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली आणि मी वन्संचा हात सोडला. धरून बस, असं वन्संनीच सांगितलं होतं. मी सोडला... आणि मागे सरकून भिंतीला टेकले. डावा डोळा नाही. गाल आत गेलेला. डोळ्याच्या खालून नाकाच्या कडेनं वरच्या ओठाच्या मध्यापर्यंत टाक्यांची ओळ. नर्सला वाटलं, मी चेहऱ्याला भ्याले. तसं नव्हतं. तो चेहरा मी आधी पाहिला होता. सहा महिन्यांपूर्वी, ग्वाल्हेरला, माझ्याच घरात.

मी चौथी शिकलेली बाई. भुतंखेतं, अंगात येणं, यातलं मी काही मानलं नाही, आजही मानत नाही. या सदरातल्या हकिकती वाचून मी हसते. आता तुम्ही मला हसा.

नवा मध्य प्रदेश झाला, त्याच्या पुढचा चैत्र. ग्वाल्हेरची ऑफिसं एकेक करून भोपाळला चालली होती. वन्संचे यजमान दप्तराबरोबर गेले, पण तिकडे क्वार्टर मिळेना. म्हणून वन्सं दौलतगंजात एकट्याच राहायच्या. मूलबाळ नाही. आम्ही शिंदे की छावनीत. माझे यजमान त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माहेर आमचंच.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका, भर दुपार, खिडक्या उघड्या. मी ओळीनं कुंकू लावत वन्संपाशी आले.

"लाव गं लवकर," त्या म्हणाल्या, "कैरीची डाळ संपवतील या सगळ्या."

मी बोट उचललं — आणि समोर तो चेहरा. अर्धा. टाक्यांसकट. एक श्वास घेईपर्यंत, मग परत नेहमीचा. माझं बोट काही पुढे होईना.

"काय गं, नणंदेला एवढी भितेस?" शेजारच्या काकू हसल्या.

मी वन्संना सोडून पुढच्या बाईला कुंकू लावलं.

भरल्या घरात सवाशिणीला कुंकवावाचून ठेवणं म्हणजे काय, ते आपल्या बायकांना सांगायला नको. वन्संनी ओटीचे हरभरे खाली ठेवले, चपला घातल्या आणि गेल्या.

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "ताईला का डावललंस?"

मी म्हणाले, "त्यांनी माझ्या आईवरून टोमणा मारला."

साफ खोटं. पण दिसलं ते सांगितलं असतं तर वेडी ठरले असते. यजमान बायकोच्या बाजूनं रागावले, बहिणीकडे जायचे थांबले. त्याही आल्या नाहीत. पुढे होऊन मिटवायचं माझं काम होतं. मी नाही केलं. खरं सांगायचं तर ते तोंड पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

श्रावणात त्यांची शेजारीण आमच्या दारात आली. "बहू, तुम लोग कैसे लोग हो? तुम्हारी ननद के तकिये पे रोज़ खून रहता है।"

आम्ही धावलो. डावा गाल सुजलेला, नाक बंद, वास येत होता. वैद्य पीनस, म्हणजे जुनाट सर्दी, म्हणून नाकात तेल सोडत होते. दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला. डॉक्टरांनी त्याची काच खिडकीशी धरून यजमानांना दाखवली. "ये गाल के पीछे की जगह है। काली दिखनी चाहिए, हवा रहती है। इधर देखो, पूरी सफ़ेद। और आँख के नीचे की हड्डी गल गई है।"

मग वन्संना विचारलं, "कब से है?"

"चैत से।"

"घर में किसी को बताया नहीं?"

वन्सं माझ्याकडे बघत म्हणाल्या, "किसको बताती?"

मुंबईला नेलं. नाकामागच्या पोकळीतला कॅन्सर, क्वचित होणारा आणि भराभर पसरणारा. वरचा जबडा, टाळू, डोळा, सगळं काढलं. चार महिने आधी आणलं असतं तर? यजमानांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "डोळा कदाचित वाचला असता." पुढे उरलेला कॅन्सर जाळायला विजेचे शेक दिले, त्यानं तोंड आतून सोलून निघालं. सहा आठवडे मी चमच्यानं पेज भरवली. ती नाकातून बाहेर यायची. पुसायची, पुन्हा भरवायची. यजमान नातेवाइकांना लिहायचे, "हिनं फार केलं." मी ती पत्रं मुकाट्यानं पोस्टात टाकायची.

एकदा वन्संनी विचारलं. टाळू नसल्यामुळे शब्द नाकातून यायचे, पण मला कळले. "अगं, त्या दिवशी माझं काय चुकलं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले, "माझंच डोकं फिरलं होतं." बस, एवढंच.

मुलगी म्हणते, तुला तेव्हाच सूज दिसली असेल. सूज नव्हती. आणि सूज दिसली म्हणावी, तर टाके कुठून दिसले? ते मला का दाखवलं, ते ठाऊक नाही. दाखवून उपयोग झाला नाही, एवढं ठाऊक आहे. वन्संना मी खरं कधीच सांगितलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी जेमतेम वर्ष धरलं होतं. वन्संचे यजमान भोपाळला वारले, नंतर माझेही गेले. वन्सं तो चेहरा घेऊन सत्तावीस वर्षं जगल्या.