आमच्या कंडोतली नोराताई

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, माणूस निघून गेला की ते आपोआप साठतात. सिंगापूरमध्ये तर फारच, कारण इथे कुणी ना कुणी सतत निघूनच जात असतं. कुणाचा कामाचा पास संपतो, कुणाचं प्रोजेक्ट. आमची नोराताई गेल्या वर्षी नेब्रास्काला परत गेली, आणि तेव्हापासून आमच्या सेरंगून भागात चार मराठी माणसं जमली की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "अरे, नोराताईचं ते आठवतंय का?"

नोराताई अमेरिकन कादंबरीकार. इथल्या एका विद्यापीठात लेखन शिकवायला दोन वर्षांसाठी आली आणि सात वर्षं राहिली. आमच्याच कंडोत, म्हणजे सोसायटीत, आमच्याच मजल्यावर.

*

पहिली भेट लिफ्टमधली. माझ्या हातात पोह्यांचं पातेलं, सुनीलच्या हातात पुस्तकांची थप्पी. सुनील म्हणजे चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा आमचा मित्र, आणि आमच्या रविवारच्या वाचनगटाचा स्वयंघोषित अध्यक्ष. आम्ही मराठी पुस्तकांवर चर्चा करतो म्हटल्यावर ती म्हणाली, "मी येऊन बसू? लेखक समोर नसताना वाचक काय बोलतात, ते मला एकदा ऐकायचंय."

आणि बसली की! एक अक्षर कळत नसताना चांगली दोन तास. मध्येच जोरदार वादावादी झाली, तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नायिकेनं नवऱ्याला सोडायला हवं होतं की नको, यावर चाललंय ना?"

"नाही. पुढच्या रविवारी नाश्ता कुणाकडे, यावर."

"वा! म्हणजे पुस्तक सगळ्यांना आवडलंय!"

*

'नोराताई' हे सुनीलचं काम. तिनं अर्थ विचारला, त्यानं सांगितला, मोठी बहीण.

"मला तीन धाकटे भाऊ आहेत. एकही माझं ऐकत नाही. तू ऐकशील?"

"नाही."

"मग खरा भाऊ आहेस!"

*

लेखिका होण्याआधी ती एकोणीस वर्षं पोस्टात होती. नेब्रास्कातल्या छोट्या गावात गाडीतून घरोघर टपाल वाटायची. पहिली कादंबरी तिनं त्याच गाडीत, जेवणाच्या सुट्टीत, स्टिअरिंगला वही टेकवून लिहिली. मग ती प्रकाशकांना पाठवायला लागली, आणि एकेक करून नकाराची पत्रं यायला लागली.

गंमत अशी की, तिचं घर तिच्याच टपालाच्या बिटात होतं!

"प्रत्येक नकार मी माझ्या हातानं माझ्या पेटीत टाकलाय," ती सांगायची. "पावसात, बर्फात. एकही उशिरा पोचवला नाही."

मी विचारलं, "आणि होकार आला तेव्हा?"

"तेव्हा मी रजेवर होते. बदली माणसानं तो शेजारच्या घरात टाकला!"

*

एकदा सुनीलच्या ऑफिसात तिचं भाषण ठेवलं. विषय 'क्रिएटिव्हिटी'. भाषण संपल्यावर एका मॅनेजरनं हात वर केला. दिवसाला शब्द किती होतात?

"चारशे लिहिते, साडेतीनशे खोडते."

"म्हणजे आउटपुट पन्नास?"

"चांगल्या दिवशी."

मागच्या रांगेतून सुनील म्हणाला, "आमचंही तसंच आहे. फक्त आम्ही त्याला रिलीज म्हणतो!"

*

तिच्या दुसऱ्या कादंबरीच्या नावात 'माती' हा शब्द होता. आमच्या मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात आम्हाला ती बागकामाच्या कपाटात सापडली, मिरची कुंडीत कशी लावावी त्याच्या शेजारी. सुनील तावातावानं काउंटरकडे निघाला. नोराताईनं त्याची बाही धरली.

"राहू दे. कादंबऱ्यांच्या कपाटाशी कोणी थांबत नाही. इथे लोक निदान उकिडवे बसून बघतात."

आणि खरोखर एका चिनी आंटीनं ती उचलली, चाळली आणि विकत घेतली! आम्ही तिघंही कपाटाआड लपलेले.

"तिच्या कुंडीत काही उगवणार नाही," नोराताई कुजबुजली, "पण दुसऱ्या प्रकरणाशी तिच्या डोळ्यांतलं पाणी नक्की पडेल."

*

माझी मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची. नोराताई आमच्याकडे चहा पिताना नव्या कादंबरीची गोष्ट सांगत होती. शेत जातं, बाईचं घर जातं, शेवटी म्हातारा कुत्राही मरतो. इरानं होमवर्कमधून मान वर केली आणि आपल्या शाळेतल्या सिंगापुरी थाटात म्हणाली,

"आंटी, कुत्रा पण कशाला? सो अनफेअर लाह!"

मी डोळे वटारले. नोराताईनं मात्र कप खाली ठेवला. आठवड्यानं दारात येऊन म्हणाली, "इराला सांग, कुत्रा वाचला. चाळीस पानं बदलली."

पुस्तक आलं तेव्हा इरानं आधी शेवटचं पान उघडलं. वाचून म्हणाली, "सी? आता नाइस आहे."

*

आणि हा माझ्या बाबांचा.

बाबा पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रुफं तपासण्यात जन्म गेला. आई गेल्यावर मी त्यांना तीन महिन्यांसाठी इथे आणलं. दिवसभर बाल्कनीत गप्प बसायचे. सिंगापूर कसं वाटतं विचारलं, तर "स्वच्छ आहे," एवढंच.

त्याच सुमारास नोराताईच्या कादंबरीची अंतिम प्रुफं आली होती. तिनं ती कागदावर काढली, गठ्ठा बाबांसमोर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी नजर माझ्या चुकांना सरावली आहे. त्यांना विचारशील?"

बाबा ताठ बसले. "घरात लाल पेन्सिल आहे का?"

आठ दिवस आमचं डायनिंग टेबल म्हणजे छापखाना. जेवणं सोफ्यावर. सुटलेली विरामचिन्हं, उलटी अवतरणचिन्हं, सगळं बाबांनी टिपलं. रविवारी दुपारी नोराताई समोर येऊन बसली. बाबा इंग्रजी वाचायचे पक्कं, पण बोलायला संकोचायचे, म्हणून मध्ये मी.

"तिला सांग, एक मोठी चूक आहे. पान एकशे नव्वदवर बाईचा नवरा वारला. आणि पान दोनशे बारावर ती टेबलावर दोघांची ताटं मांडते. नजरचूक झाली असणार."

मी सांगितलं. सांगताना आवाज जरा खाली आणला, कारण नोराताईचा नवरा ती सिंगापूरला यायच्या आदल्या वर्षीच गेला होता. आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं, बाबांना नव्हतं.

तिनं ते पान जवळ ओढलं. बाबांच्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि त्यांनी खोडलेल्या शब्दांखाली एकेक करून टिंबं दिली. छापखान्यातली ही खूण मला लहानपणापासून माहीत होती. दुरुस्ती नको, आहे तसंच राहू द्या.

बाबांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला विचार, दुसऱ्या ताटात काय वाढायची?"

मी विचारलं.

"थोडंसंच," नोराताई म्हणाली. "त्याला रात्री फार लागत नाही."

बाबांनी मान हलवली आणि पुढचं पान घेतलं.