खोल बाजूचा तपकिरी डाग

मी केमिस्ट आहे. बाहेरची बाधा, अमुक जागेत काहीतरी आहे वगैरे ऐकलं की मला हसू यायचं, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे लिहिताना संकोच वाटतोय... पण घरात कुणाशी बोलता येत नाही.

माहेर सांगलीचं. लग्नानंतर इंदूरला आले, इथे पाणी शुद्धीकरणाच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. माझी नणंद वैशाली इंदूरजवळच राऊला राहते. त्यांनी मागच्या वर्षी स्विमिंग पूल असलेला जुना बंगला घेतला. पूलमध्ये जागोजागी तपकिरी डाग होते.

"वहिनी, तुमचंच काम आहे हे. एक बार बघून घ्या ना," ती म्हणाली.

रविवारी दुपारी गेले. तिचा नवरा देपालपूरला गेला होता. अशा डागांची ओळख तशी सोपी — क्लोरीननं फिकट झाला तर पानांचा किंवा शेवाळाचा, व्हिटॅमिन सीची गोळी घासून गेला तर लोखंडाचा. तिच्याकडे बोरिंगचं पाणी, म्हणजे लोखंडच असणार. पूल रिकामा केलेला होता. वैशालीनं अ‍ॅल्युमिनियमची शिडी लावून दिली आणि चहा टाकायला आत गेली. मी खोल बाजूला उतरले.

गोळी घासली की डाग जात होते. फक्त कोपऱ्यातल्या भिंतीवरचा एक, गुडघ्याएवढ्या उंचीवरचा, जाईना. क्लोरीननंही नाही. तो खरवडून थोडा डबीत घेतला, आणि एकदम कानांना दडे बसले... खोल पाण्यात बसतात तसे. छातीवर दाब आला. पूल तर कोरडा ठणठणीत. मी शिडी गाठली आणि चढायला लागले. चढतेय, चढतेय — काठ तेवढाच उंच. हात भरून आले. खाली बघितलं तर पाय तळापासून जेमतेम वीतभर वर.

तेवढ्यात वैशाली काठावर आली. तिनं हाक मारली, मी ओ दिली. ती माझ्याकडेच बघत होती, पण नजर आरपार जात होती. मी ओरडले, हात हलवले. ती माझ्या डोक्यावर वाकली, काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि बाजूला झाली. मग फोनवर नवऱ्याला म्हणाली, "वहिनी न सांगता निघून गेल्या हो. पूल तर खाली आहे, आत कुणी नाही. पाणी सोडून देते."

मला पोहता येत नाही.

पाइपातून पाणी पडायला लागलं. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या. मी शिडीला घट्ट धरून हाका मारत राहिले, पण माझाच आवाज मला उशीखालून आल्यासारखा दबका वाटत होता. ऊन उतरलं. पाणी चढत चढत त्या डागावरून गेलं... आणि कान मोकळे झाले.

माझी किंकाळी ऐकून वैशाली धावत आली. ती पांढरीफटक पडली होती.

"वहिनी? तुम्ही आत कशा?"

ती पळत लॉनवर गेली आणि तिथं आडवी पडलेली शिडी ओढत आणून आत सोडू लागली. मी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही तळवे नुसत्या टाइल्सवर टेकलेले होते.

वैशालीच्या मते मी गेले होते, परत आले आणि पाय घसरून पडले.

डबीतला नमुना लॅबमध्ये तपासला. साधं लोखंड निघालं. तो डाग गोळीनं का गेला नाही, याचं काहीतरी कारण सापडेलही. पण पाणी सोडायच्या आधीच बाहेर काढलेल्या शिडीवर मी ऊन उतरेपर्यंत कशी उभी होते... याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.