ताईचा उजवा गुडघा

ताई पडली तेव्हा स्कूटी मी चालवत होते. आम्ही दोघी बहिणी लांजीहून बालाघाटला घरी परतत होतो. वळणावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि मागे बसलेली ताई उजव्या गुडघ्यावर डांबरी रस्त्यावर आदळली. माझा तळहात तेवढा खरचटला. घरी पोचेपर्यंत तिचा गुडघा टम्म सुजला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. त्यांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, त्यात रक्त होतं. दीड महिना पट्टा बांधायला सांगितला. पट्टा सोडताना त्यांनी विचारलं, "अब दर्द तो नहीं है ना? तो फिर घूमो-फिरो." बाबांनी तो एक्स-रे कागदपत्रांच्या कपाटात ठेवून दिला. पुढच्या हिवाळ्यात ताईनं वनरक्षकाच्या भरतीची चालण्याची परीक्षा पास केली. तिला लांजीकडच्या डोंगरातलं बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा तुकडा, मिळालं. गुडघ्याचा विषय घरात कोणी काढला नाही.

दोनेक वर्षांनी मी नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. विषय होता सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं पांढरं, गुळगुळीत अस्तर. सकाळी खाटकाकडून बकऱ्याचे ताजे गुडघे आणायचे आणि त्यातल्या कूर्चेच्या लहान चकत्या कापायच्या. निम्म्या चकत्यांवर ठरलेल्या उंचीवरून एकदाच वजन पाडायचं, निम्म्या तशाच ठेवायच्या. मग सगळ्या पोषक द्रवात, अंगाच्या उबेइतक्या उबेत. मार बसलेली चकती आणि शेजारची धड चकती, नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत. दर दोन दिवसांनी त्या द्रवाचा थेंब निळ्या रंगात मिसळायचा. कूर्चा झिजून द्रवात उतरत असेल तर निळ्याचा जांभळा होई.

मार बसलेल्या चकत्यांचा रंग आठवड्याभरात जांभळा झाला. प्रयोग जमला म्हणून मला आनंदच झाला. माझ्या मार्गदर्शक बाई कमी बोलत. त्या म्हणाल्या, "जिथे मार बसला तिथल्या पेशी मेल्या, ते सोडून द्या. मरताना त्या काही रेणू सोडतात, धोक्याच्या खुणाच. त्या खुणा शेजारच्या जिवंत पेशींना लागल्या की त्यांच्या आत निरोप जातो, आणि कूर्चा राखणाऱ्या त्याच पेशी कूर्चा विरघळवणारी रसायनं बनवायला लागतात. विरघळलेले तुकडे पुढच्या पेशींना तोच निरोप देतात."

"आणि दुखायला कधी लागतं?"

"कूर्चेत नसच नसते. माणूस दुखतं म्हणेपर्यंत बरंच गेलेलं असतं."

त्याच दुपारी मी ताईला फोन केला.

"तुहा उजवा गुडघा दुखते का?"

"नाही. काहून?"

"असंच."

त्यानंतर दर महिन्याला मी विचारायचे आणि ती नाही म्हणायची. तिच्या प्रत्येक 'नाही'नं माझी भीती थोडी वाढायची.

पोळ्याला घरी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात उकिडवी बसून बांबूचे कोंब चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"थांबवता येते का ते?"

"अजून तरी तसं औषध नाही. वजन वाढू देऊ नको, मांडीची ताकद राख, असं बसणं कमी कर. आणि सगळ्यांचं होतेच असं नाही, ताई."

"म्हणजे माहं होईन का नाही, हे तुले बी माहीत नाही."

"नाही."

"मंग मले सांगून काय केलं तू? आता डोंगर चढताना ध्यान तिकडंच राहीन माहं."

स्कूटी मी चालवत होते, म्हणून मला सांगावंसं वाटलं असेल. तसं मी तिला म्हटलंही.

"म्हैस आडवी आलती," ती म्हणाली. "मी पाह्यलं ना ते." आणि पुन्हा चिरायला लागली.

सहा-सात वर्षं गेली. तोवर मी बालाघाटला परत येऊन कॉलेजात शिकवायला लागले होते. या काळात ताईच्या हातात काठी आली. मग ती उतारावरून आडवी पावलं टाकत उतरायला लागली. विचारलं तर म्हणे, पानांवरून पाय घसरते. एकदा जंगलाच्या हद्दीचे मुनारे, म्हणजे खुणेचे खांब, तपासताना ती उतारावर बसली आणि तिला उठता येईना. दोन मजुरांनी धरून तिला रस्त्यापर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बालाघाटला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांनी जपून ठेवलेला जुना एक्स-रेही बरोबर घेतला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. जुन्या फिल्ममध्ये दोन हाडांमध्ये ठसठशीत काळी फट होती; एक्स-रेत न दिसणारी कूर्चा त्याच फटीत असते. नवीन फिल्ममध्ये आतल्या बाजूची फट जवळजवळ नाहीशी झाली होती आणि हाडांच्या कडांना टोकं फुटली होती.

"उम्र कितनी है?"

"अडतीस," ताई म्हणाली.

त्यांनी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. "घुटना बदलने के लिए अभी बहुत जल्दी है."

दवाखान्याच्या पायऱ्या ती कठडा धरून एकेक करत उतरली. मी हात पुढे केला, तिनं तो घेतला नाही. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "जुन्या फोटोत काहीच नव्हतं."

"हौ."

"तवापासूनच चालू होतं मंग."

"हौ."

तिनं दोन्ही फिल्म एकाच पाकिटात घातल्या.

आता ती रोज सकाळी मांडीचे व्यायाम करते, पट्टा बांधते आणि बीटवर जाते. लाकडांच्या डेपोत बसायचं काम मिळावं म्हणून तिनं अर्ज दिलाय, आदेश आलेला नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. चढताना काही झालं नाही, म्हणाली, पण खाली उतरायला दोन तास लागले. सोबत कोणी नव्हतं, आणि वाटेत ती तीनदा बसली.

"घरी सांगजो नको," ती म्हणाली.

मी अजून सांगितलेलं नाही.